आबांचं बिल आणि तुझी पॉलिसी

पुणे

प्रिय मिलिंद,

आबा हॉस्पिटलमधून घरी आले, पायांची सूज उतरली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण फोनवर तू म्हणालास, "चला, एकदाचं बिल भागलं," ते मनातून जाईना. आबांच्या हार्ट फेल्युअरसारख्या आजारात, म्हणजे हृदयाची ताकदच कमी पडते तेव्हा, बिल एकदाचं नसतं रे. छातीत पाणी साठतं, दाखल करतात, इंजेक्शनांनी पाणी उतरवतात, माणूस घरी येतो. मग मीठ वाढलं, गोळ्या चुकल्या किंवा साधा न्यूमोनिया झाला की पुन्हा आयसीयू. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघतात तिथे, मी तेच पेशंट पुन्हा पुन्हा बघतो. म्हणून पुढच्या खेपेचा विचार आत्ताच कर.

तुझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आबांचा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलाय, हे फार मोलाचं आहे. त्यातली खोलीभाड्याची अट मात्र वाच. विमा ३ लाखांचा आणि मर्यादा १ टक्का असेल, तर रोजचे ३,००० रुपये. काकूंची सोय व्हावी म्हणून ६,००० ची खोली घेतलीस, तर फक्त वरचे ३,००० खिशातून जात नाहीत. मर्यादा भाड्याच्या निम्मी, म्हणून डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, प्रोसीजर यांचेही निम्मेच पैसे मंजूर होऊ शकतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयू यांना ही कात्री लावायची नाही, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, नियम आहे. तेव्हा कपातीचा कागद मागून घे आणि ओळ न् ओळ तपास. पटलं नाही तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. पुण्यातच कार्यालय आहे, फी लागत नाही.

नोकरी बदलायचं तुझ्या डोक्यात आहे, तिथे मला खरी भीती वाटते. नोकरी सुटली की हे छत्र गेलं. आबांसाठी आज नवी मेडिक्लेम मागितलीस तर कंपनी नाकारू शकते. दिली तरी जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. आजार लपवून पॉलिसी घ्यायचा तुझ्या मेहुण्यांचा सल्ला अजिबात ऐकू नकोस. ऐन वेळी क्लेम फेटाळला की घर विकायची पाळी येते. राजीनाम्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, ते एचआरला विचार.

आबा ७२ चे आहेत ना? मग केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढ. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. फक्त रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतलं हवं. दाखल करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठ. काकूंचं वय कमी आहे, पण मोफत उपचारांची महात्मा फुले योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही. मी तुझ्या जागी असतो तर नेहमीसारखं दाखल करायच्या वेळी कार्ड वापरलं असतं आणि ग्रुप पॉलिसी पेसमेकरसारख्या मोठ्या खर्चासाठी राखली असती.

यातलं काहीही रोजच्या गोळ्यांना कायमचं पुरत नाही, आणि घर पोखरतं ते तिथेच. घरी आल्यावर बहुतेक पॉलिसी ६० दिवसांच्या आसपास औषधांचे पैसे देतात. पुढे सगळं आपलं. आपल्या दत्ताचा पगार महिना २१,००० च्या आत, म्हणून तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत. त्याच्या वडिलांना ईएसआयच्या दवाखान्यातून गोळ्याही मिळतात. रांग लांब असते, पण तुझ्या भारी पॉलिसीत हे नाही. डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन या हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांची मूळ पेटंट २०२३ पर्यंत संपली. आता बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्यात. डॉक्टरांना स्पष्ट विचार, स्वस्त औषधांच्या सरकारी जनऔषधी दुकानात बघ. महाग पडतं म्हणून आबा एक दिवसाआड गोळी घेतील, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. तसं होऊ देऊ नकोस.

डिस्चार्ज समरी, टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि पॉलिसीची सगळी पानं फोटो काढून पाठव. रविवारी बसून बघतो आणि रात्री फोन करतो.

आबांना, काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास