तीनशे पावलं पलीकडं

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाब्या,

फोन करणार होतो. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला. फोनवर तू पहिल्या मिनिटाला हसणार आणि माझं पुढचं सगळं राहून जाणार, म्हणून पोराच्या वहीतली पानं फाडून बसलोय. अक्षराला हसायचं असेल तर हस, मला दिसणार नाही. दिवाळीत तुझा मेसेज आला होता, उत्तर दिलं नाही, माहिताय. गुडघा आहे तसाच आहे, आईची शुगर आटोक्यात, बाकी बरे.

आता ऐक. मंगळवारी संध्याकाळी पलीकडच्या तालमीचे, म्हणजे त्यांच्या फुटबॉल टीमचे, दोघंजण टर्फवर आले होते. मी वरच्या जाळीत अडकलेला टेनिस बॉल बांबूनं काढत होतो. (फुटबॉलची टर्फ म्हणून बांधली, पण सहा ते अकरा नुसतं क्रिकेट. मी आठवड्यात जेवढे षटकार बघतो तेवढे गोल आयुष्यात बघितले नाहीत.) दोघं बाकड्यावर गप्प बसून राहिले. स्लॉट संपला, पोरं गेली, मग उठून म्हणाले, "सर, जरा बोलायचं होतं."

सर! ज्या गॅलरीनं पंधरा वर्षं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तिनं मला सर म्हणावं?

त्यांना कोच पाहिजे. सीझन संपेपर्यंत महिना वीस हजार, आणि सकाळी बारक्या पोरांची बॅच वेगळी. माझं कोचिंगचं डी लायसन्स झालंय हेही त्यांना ठाऊक होतं. आपल्या तालमीत ते कुणाला माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नाही. टर्फवाला मला बारा देतो, आणि त्यात वॉचमन, कॅशिअर, बॉल शोधणारा, भांडणं सोडवणारा सगळा मीच. रोज रात्री मोज्यातून ते काळे रबराचे दाणे घरभर सांडतात. बायको झाडून एका डब्यात भरून ठेवते. म्हणते, कधीतरी वजन करून विकू.

मी "विचार करून सांगतो" म्हणालो. बाब्या, "नाही" म्हणालो नाही. तिथंच सगळं बिघडलंय.

पाच दिवस झाले, झोप नाही. आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू? टर्फच्या मालकाला सांगितलं तर म्हणाला, "मग घ्या की, त्यात काय?" तो सांगलीचा. त्याला काय कळणार.

परवा रंकाळ्यावर एकटाच बसलो होतो, तेव्हा बोटांवर मोजलं. 2003 ला मुंबईला गेलो तेव्हापासून मी नऊ टीमच्या जर्सी घातल्या. तो मुंबईच्या हारवूड लीगचा पहिला सीझन आठवतोय का, परळच्या खोलीत आपण सहाजण आणि बुटांच्या वासानं घरमालकीणबाई दारातूनच परत जायच्या? साडेतीन हजार स्टायपेंड आणि "पुढच्या वर्षी पर्मनंट करतो" हे वाक्य. ते वाक्य मी टीम ठेवणाऱ्या तीन ऑफिसांत ऐकलं. एका साहेबांनी तर हे सांगताना माझं नाव चुकीचं घेतलं होतं.

आपल्यासारख्यांचं गणितच तसलं होतं. वर एक टीम मोडली की खाली दहाजण ढकलले जायचे. 2010 ला महिंद्राची टीम बंद झाली, तिथली पोरं खालच्या टीममध्ये आली, खालची त्याच्या खाली, आणि शेवटच्या पायरीवरचा मी थेट कोल्हापूरच्या बसमध्ये. 2013 ला एअर इंडिया देशातल्या वरच्या आय-लीगमधून बाहेर गेली, तेव्हा परत तेच. पुढं पुणे एफसी गेला. तू म्हणायचास, ह्याचा पायगुण बघा, हा ज्या गावात जाईल तिथली टीम बुडते. गोव्यात वास्कोला असताना मी एसटीडीवरून फोन केला तेव्हा तू हेच म्हणालास आणि मी फोन आपटला होता. ते पैसे बूथवाल्याला मी दिले, अजून तुझ्याकडून यायचेत.

2014 ला आयएसएल, ती इंडियन सुपर लीग, आली तेव्हा मी तिशीचा. टीव्हीवर फटाके, सिनेमावाले, आणि मी केरळात मलप्पुरमला सेव्हन्स, सात-सात जणांचा फुटबॉल, खेळत होतो. तुला ह्यातलं अर्धंच सांगितलंय. कापणी झालेल्या भाताच्या रानात मैदान, चारी बाजूंनी उभी केलेली लाकडी गॅलरी, रात्री साडेआठला लाईट लागायचे आणि माणसं कुठनं यायची कळायचं नाही. पैसे मॅचवर, त्याच रात्री, हातात. जखम झाली तर मात्र तू तुझा. दोन आफ्रिकन पोरं आणि मी एका जीपमधून रोज नवीन गावाला. रजिस्टर्ड खेळाडूला सेव्हन्सला परवानगी नसायची, म्हणून माझं नाव तिथं वेगळंच होतं. त्या नावानं मी एक फ्री किक अशी मारली बाब्या, डाव्या पायाची, भिंतीच्या बाहेरून वळवून, की गॅलरी हलली. खरोखर हलली, लाकडंच ती. आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल, आणि माझ्या नावावर नाही.

नऊ टीम. त्यातल्या दोन तर एकमेकांच्या जन्माच्या वैरी. एका सीझनला हिच्याकडून, पुढच्या सीझनला तिच्याकडून. कुणी काय म्हणालं? आई तर कौतुकानं सांगायची, पोरगा गोव्याला असतो, पोरगा केरळात असतो. आणि आता घरापासून तीनशे पावलं (मोजलीत) चालून पलीकडच्या तालमीत गेलो, की गद्दार.

आणि आपल्या तालमीनं काय दिलं म्हणशील, तर शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. 2018 ला. तोही सत्कार कशाचा ते मला स्टेजवर कळलं. आपल्याला रिटायर कोण करतंय, फोन यायचे बंद होतात एवढंच. मी आपला डिसेंबरात बूट धुऊन गच्चीवर वाळत घातले होते. घड्याळ सव्वाचारला थांबलंय, सेल बदलून झाला. ह्या वर्षी कोच बाहेरून आणलाय, दोन नायजेरियन पोरंही आणलीत. चांगली खेळतात, त्यातला एक दूध कट्ट्यावर उभा राहून लिटरभर धारोष्ण दूध पितो, त्याला बघायला गर्दी होते. पण कोच म्हणून एकदा, नुसतं विचारायला म्हणून तरी, यायला नको होतं का माझ्याकडं?

वस्तादांना कसं सांगू? परवा मिरजकर तिकटीला भेटले. माझा गुडघा दाबून बघितला भर रस्त्यात आणि म्हणाले, "डावऱ्या, तेल लाव." पहिले बूट त्यांनीच दिले होते, दोन नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून. थोरला तर आता आपल्याच तालमीच्या ज्युनिअरमध्ये आहे. त्याला हळूच विषय काढला तर म्हणाला, "पप्पा, मग शाहू स्टेडियमला मी कुठल्या बाजूला बसायचं?" आणि परत मोबाईलमध्ये. त्याच्या खोलीत आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा फोटो आहे, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपचा. माझा एकही नाही. माझेच चुकले, फ्रेम करायला टाकलेला फोटो मी आणलाच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चार पानं त्याच्यासाठीच फिरवली.

2009. तू पलीकडं गेलास तेव्हा मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही, हे तुला माहीत आहे. फायनलला तुझ्या घोट्यावर मुद्दाम आलो, हेही माहीत आहे, त्याचं पिवळं कार्ड मिळालं आणि ते लाल पाहिजे होतं. पण तुमच्या दुकानाच्या शटरवर निळ्या रंगानं "विकला" असं लिहिलं होतं, त्यासाठी तू आजवर सुताराच्या पोराचं नाव घेतोस. त्यानं नाही लिहिलं. मी लिहिलं. रात्री दोन वाजता, गणपतीच्या मंडपातला उरलेला डबा घेऊन. सकाळी दूध आणायला मुद्दाम तुमच्याच गल्लीतून गेलो. तुझे अण्णा रॉकेलचा बोळा घेऊन शटर पुसत होते. मला बघून म्हणाले, "चहा घेऊन जा रे." मी घेतला. बाब्या, मी चहा घेतला.

त्यांच्या ऑपरेशनला पैसे पाहिजे होते हे मला खूप नंतर कळलं. तेही तू नाही सांगितलंस, वहिनींनी सांगितलं.

म्हणजे आता मी हो म्हणालो तर माझ्या दारावर कोण लिहिणार, हा प्रश्न आहे. अक्षर तरी माझ्यापेक्षा बरं असू दे.

तुला शिव्या घालायच्या असतील तर आधी त्या घाल, पण मग हे सांग: पहिल्या दिवशी त्यांच्या तालमीचा उंबरा ओलांडताना तुला काय झालं होतं? कुणी हात पुढं केला का? आणि आपल्या गल्लीतून परत घरी कसा आलास, मागच्या बोळानं की पुढून? मी कधी विचारलंच नाही.

भुसावळला उन्हाळा सुरू झाला असेल. प्रमोशनचं कळलं, अभिनंदन, रेल्वेनं तुझं सोनं केलं. धाकटीची दहावी ना ह्या वर्षी? वहिनींना नमस्कार. अण्णांना हे पत्र वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, तू ठरव.

त्यांना मी शुक्रवारपर्यंतची मुदत सांगितलीय. पत्र बुधवारी पोचेल असं पोस्टातला म्हणतो. गुरुवारी रात्री अकरानंतर फोन कर, तेव्हा टर्फवर मी एकटाच असतो.

तुझा,
डावऱ्या