पिंजऱ्यातल्या उंदराचे हाल आणि प्रयोगाचा निकाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांच्या संशोधनात प्राणी वापरावेत का, या विषयावर आपल्या अंकात येणारी पत्रे मी नेमाने वाचते आहे. कुणी लिहितो, प्राण्यांशिवाय औषध निघूच शकत नाही. कुणी लिहितो, हे सगळे आजच्या आज बंद करा. मी पशुवैद्यक आहे आणि नोकरीतली बरीच वर्षे प्रयोगशाळांच्या प्राणीगृहांत काढली आहेत. हा वाद सुटेल तेव्हा सुटेल. आज पिंजऱ्यात असलेल्या उंदराचे हाल कमी करणे मात्र आजच शक्य आहे आणि त्याने संशोधनही सुधारते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

दोन्ही बाजूंचे दाखले खरे आहेत. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले आणि पुढच्याच वर्षी ते एका मधुमेही मुलाला टोचले गेले. उलट २००६ साली लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले, तेव्हा माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेचा सुमारे पाचशेवा हिस्साच दिला होता. तरी सहाही जण त्याच दिवशी गंभीर आजारी पडले. ज्या प्रथिनाला हे औषध चिकटते ते माणसाच्या काही टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असते, त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते, हे नंतर कळले.

आता प्राणीगृहात या. खोलीचे तापमान बहुधा २० ते २४ अंश सेल्सिअस ठेवलेले असते, म्हणजे कोट घालून काम करणाऱ्या माणसांना सोयीचे. उंदराला सुखाचे वाटते ते ३० अंशांच्या आसपास. घरटे करायला पुरेसा कागद किंवा कापूस नसेल, तर तो दिवसरात्र ऊब राखण्यातच शक्ती घालवतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, उबेत ठेवलेल्या उंदरांच्या शरीरात कर्करोगाच्या गाठी हळू वाढतात, कारण त्यांची प्रतिकारशक्ती गाठीशी अधिक जोराने लढते. कर्करोगाचे औषध आपण अशा कुडकुडत्या उंदरावर तपासतो आणि निकाल माणसाला लावतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

उंदीर शेपटीला धरून उचलायची पद्धत फार जुनी आहे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० साली सिद्ध केले की, त्याने उंदीर घाबरलेलेच राहतात. नळीत शिरू दिले किंवा ओंजळीत घेतले, तर ते माणसाला सरावतात. नळीला खर्च जवळजवळ नाही. तरीही शेपटी धरणे अजून सर्रास चालते, कारण हाताला सवय तीच.

वेदनेचेही तसेच. डोळे बारीक होणे, गाल फुगणे, कान मागे वळणे यांवरून उंदराची वेदना मोजण्याची पट्टी २०१० मध्येच तयार झाली. तेव्हापासून ‘त्याला दुखते की नाही, कसे कळणार?’ ही सबब उरलेली नाही. ‘वेदनाशामक दिले तर निकाल बिघडेल’ असे मला अनेकदा ऐकवले गेले. पण न शमवलेल्या वेदनेने खाणे, झोप, प्रतिकारशक्ती सगळेच बदलते, मग निकाल शुद्ध राहिला कसा? काही प्रयोगांत वेदनाशामक खरोखरच टाळावे लागते. तिथे त्याचे कारण आधी लेखी मांडावे आणि ते प्रयोगाशी संबंध नसलेल्या माणसाने तपासावे.

प्राण्यांची संख्या कमी करा, असे १९५९ सालापासून सांगितले जाते. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा ही त्रिसूत्री मांडली, ती त्या वर्षी. संख्या घटवण्याचा अर्थ मात्र अनेकांनी चुकीचा घेतला. चारपाच उंदीर घ्यायचे, कुणाला औषध दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक असायचे आणि अनुकूल निकाल तेवढा छापायचा. अशा प्रयोगात ते चारपाच जीवही फुकट गेले. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजारावर उंदरांत गुणकारी ठरलेली औषधे एका अमेरिकी संस्थेने मोठ्या गटांवर, काटेकोरपणे पुन्हा तपासली. २००८ च्या त्या अहवालात एकाही औषधाचा ठोस फायदा दिसला नाही. त्यांतल्या मिनोसायक्लिनची रुग्णांवर चाचणी आधीच होऊन गेली होती आणि ते घेणाऱ्यांची प्रकृती अधिक वेगाने खालावली होती. त्या रुग्णांनी आशेने गोळ्या घेतल्या होत्या.

पर्याय वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. निम्मे प्राणी मरेपर्यंत विष देण्याची जुनी चाचणी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) या अनेक देशांच्या संघटनेने २००२ मध्ये रसायनांच्या चाचण्यांच्या आपल्या नियमावलीतून काढून टाकली. त्वचेचा दाह तपासायला आता प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा वापरता येते. पण संपूर्ण शरीराचा प्रश्न असतो तिथे प्राणी अजून काही काळ राहणार, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणूनच प्रत्येक प्रयोगाची आधी जाहीर नोंदणी व्हावी आणि फसलेला निकालही छापला जावा. नाहीतर तोच प्रयोग दुसरीकडे होतो आणि तेवढेच प्राणी पुन्हा मरतात. प्राणीगृहातल्या पशुवैद्यकाला प्रयोग थांबवण्याचा अधिकार असावा. पिंजरे साफ करणाऱ्या परिचरांचेही ऐकले जावे, कारण कोणता प्राणी आजारी आहे हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

आपल्याकडेही एक मागणी आहे. ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी येईल, तेव्हा उंदीर किती होते, गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का आणि वेदना कशी शमवली, हे आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना विचारावे आणि उत्तर मिळाले नाही, तर तेही बातमीत छापावे.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक