मते खाल्ल्याचा ठपका आणि मेनमधील मोजणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील काँग्रेसच्या निवडणुका आपल्याकडे अध्यक्षांची सरशी झाली की पीछेहाट, एवढ्यापुरत्याच वाचल्या जातात. तरीही मेन या ग्रामीण राज्यात २०१८ साली झालेली प्रतिनिधिगृहाची एक लढत सीमाभागातील मतदाराने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. जंगले, बटाट्याची शेती आणि विरळ वस्तीची गावे असलेल्या तेथील दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सदस्य ब्रूस पोलिक्विन यांना पहिल्या फेरीत १,३४,१८४, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे जेरेड गोल्डन यांना १,३२,०१३ मते मिळाली. आपल्या पद्धतीने पोलिक्विन तेथेच विजयी झाले असते. परंतु मेनच्या जनतेने २०१६ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची, म्हणजे उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती क्रमाने नोंदवण्याची पद्धत स्वीकारली होती. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्यामुळे दोन अपक्षांच्या मतपत्रिका त्या मतदारांनीच नोंदवलेल्या पुढच्या पसंतीप्रमाणे मोजल्या गेल्या आणि गोल्डन १,४२,४४० विरुद्ध १,३८,९३१ मतांनी निवडून आले. पोलिक्विन न्यायालयात गेले, पण तेथेही हरले. मावळते राज्यपाल पॉल लेपेज यांनी निकालाच्या प्रमाणपत्रावर ‘चोरलेली निवडणूक’ असा शेरा मारला; सही मात्र केली.

आता बेळगाव लोकसभा मतदारसंघाची २०२१ ची पोटनिवडणूक आठवावी. भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांचा अवघ्या ५,२४० मतांनी पराभव केला आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके यांना १,१७,१७४ मते पडली. म्हणजे फरकाच्या वीसपटीहून अधिक मतदारांची दुसरी पसंती कोणती होती, हे कोणी विचारलेच नाही. ‘समितीने मते खाल्ली’ एवढे ऐकवायला मात्र दोन्ही राष्ट्रीय पक्ष तयार असतात. ज्याचे मत त्याने दिले, त्यात खाण्याचा प्रश्न येतो कुठे? भाषेसाठी आणि सीमाप्रश्नासाठी मत देणाऱ्याला रस्ते, ऊस, पाणी यांविषयीही मत असते. ते नोंदवण्याची जागाच आपल्या मतदान यंत्रावर नाही.

ही पद्धत आपल्याला परकी आहे असेही नाही. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांच्या वायव्य पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मतदार १, २, ३ असे क्रमांकच लिहितात. विधान परिषदेला जे चालते ते लोकसभेला का चालू नये, याचे उत्तर मतदानाचा खटाटोप वाढेल एवढेच दिले जाते, आणि ते मला पुरेसे वाटत नाही.

पसंतीक्रमाने सर्व काही सुरळीत होईल, असा माझा दावा नाही. मेनमध्ये आठ हजारांहून अधिक मतपत्रिका पुढची उपयुक्त पसंती नसल्याने शेवटच्या मोजणीतून गळाल्या. आपल्याकडे असे मतदार अधिकच निघतील, कारण समितीनंतर कोणालाही पसंती द्यायची नाही असे ठरवलेली घरे सीमाभागात पुष्कळ आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी येथे ४५६ उमेदवारांची गर्दी झाली होती. त्या मतपत्रिकेवर तीनच्या पुढे आकडे घालण्याचा धीर फार थोड्यांनी केला असता! समितीतील दुफळीवरही हा उतारा नव्हे. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत खानापुरात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले, तो निर्णय नेत्यांचा होता. मात्र अशा वेळी निदान मतदाराला दोघांपैकी एकाला पहिली आणि दुसऱ्याला दुसरी पसंती देऊन नेत्यांनी मोडलेली एकी मतपत्रिकेवर राखता आली असती.

पुढील निवडणुकीत मराठी मते मागण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, समितीच्या उमेदवारासह, या पद्धतीविषयी त्याची भूमिका आपल्या वार्ताहरांनी विचारावी आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे, ही विनंती.

– एक मतदार, शहापूर, बेळगाव