फोटोओळीतली माणसे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधील शिआन या प्राचीन राजधानीच्या छायाचित्रांना आपण पूर्ण पान दिलेत, ते मी दोनदा पाहिले. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाल्यामुळे मराठी पर्यटक त्या बाजूला अधिक वळतील आणि अशी पानेही वरचेवर छापली जातील, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. छायाचित्रे देखणी होती आणि त्यांत मला काही उणे काढायचे नाही. माझी तक्रार त्यांच्याखाली छापलेल्या ओळींबद्दल आहे.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नऊ दिवस मी शिआनमध्ये होते, त्यामुळे पानावरच्या बहुतेक जागा ओळखीच्या निघाल्या. ‘तांग काळातील घंटाघर’ म्हणून जी वास्तू छापली आहे, ती मिंग राजवटीची असून १३८४ साली बांधली गेली आणि १५८२ मध्ये आजच्या चौकात हलवली गेली. तांग घराणे त्याआधी साडेचारशेहून अधिक वर्षे लयाला गेले होते. ही चूक एक वेळ घाईतली म्हणून सोडून देता येईल. मात्र एकावर एक तीन छपरे असलेल्या एका अष्टकोनी मनोऱ्याला ‘बौद्ध मंदिराचा पॅगोडा’ म्हटले आहे, ते सोडून देण्यासारखे नाही. तो मनोरा शहरातल्या मोठ्या मशिदीच्या आवारातला आहे. परंपरेनुसार या मशिदीची स्थापना ७४२ सालची, तर आज उभ्या असलेल्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. तिथे घुमट नाही की उंच मिनार नाहीत. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, वळणदार छपरे आणि पश्चिमेच्या टोकाला नमाजाचे दालन, अशी तिची सगळी बांधणी चिनी धाटणीची आहे. म्हणूनच ती पाहण्यासारखी आहे, आणि फोटोओळीने वाचकापासून नेमके तेच हिरावून घेतले.

माणसांच्या बाबतीत तर ओळींनी फारच काटकसर केली आहे. वास्तूंना निदान नाव आणि काळ, चुकीचा का होईना, मिळाला. माणसांच्या वाट्याला ‘स्थानिक वृद्ध’, ‘चिनी विक्रेता’ आणि ‘पारंपरिक वेशातील स्थानिक युवती’ एवढेच आले. पांढरी टोपी घातलेले ते वृद्ध गृहस्थ ढोल-मनोऱ्यामागच्या गल्लीत, म्हणजे चिनी बोलणाऱ्या हुई मुसलमानांच्या वस्तीत उभे आहेत, हे मागच्या पाट्यांवरून ओळखता येते, पण वाचकाला ते कोणी सांगितलेले नाही. तिसऱ्या ओळीतली युवती स्थानिक असेलच, असे तर मुळीच धरून चालता येत नाही. मोठ्या हंस-पॅगोड्याभोवती आणि तटबंदीवर तांग काळाच्या पद्धतीचा झगा, अंबाडा आणि कपाळावरची लाल नक्षी अशा थाटात वावरणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणी परप्रांतातून फिरायला आलेल्या असतात. कपडे दुकानातून काही तासांसाठी भाड्याने घेतलेले असतात, रंगभूषा तिथेच होते आणि छायाचित्रकारही पैसे देऊन बरोबर घेतलेला असतो. आपल्याकडे लग्नाआधीच्या फोटोंसाठी एखादी मुंबईकर मुलगी नऊवारी नेसून, नथ घालून जुन्या वाड्याच्या दिंडीत उभी राहिली आणि परदेशी वर्तमानपत्राने तिला ‘खेड्यातील स्त्री’ म्हणून छापले, तर आपण हसू. खरे तर बहुधा भाड्याच्या वेशात हौसेने स्वतःचे चित्र काढून घेणाऱ्या मुलीला आपला कॅमेरा टिपतो आहे, हीच त्या छायाचित्रातली गंमत होती, आणि ती ओळीत यायला हवी होती.

परवानगीचाही प्रश्न आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेत माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क एका स्वतंत्र प्रकरणात मांडला आहे. बातमीची गरज, सार्वजनिक जागेचे दृश्य टिपताना अपरिहार्यपणे आलेली माणसे, असे काही अपवाद वगळले तर संमतीवाचून कोणाची प्रतिमा टिपणे, वापरणे किंवा प्रसिद्ध करणे तिथे निषिद्ध आहे. पानावरच्या त्या विक्रेत्याचा चेहरा चौकटभर आहे आणि नजर खाली वळलेली आहे. त्याला विचारले होते का, हे मला ठाऊक नाही, परंतु ओळीत तसा उल्लेख असता तर ही शंकाच आली नसती.

मी स्वतः यात चुकलेली आहे. त्याच गल्लीत पर्सिमनच्या गोड टिकिया तळणाऱ्या एका आजोबांवर मी न विचारताच मोबाइल रोखला होता. (पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले फळ, त्याचा गर पिठात मळतात आणि आत पुरणासारखे सारण भरतात.) त्यांनी झारा तसाच धरून डावा हात तोंडासमोर आडवा केला आणि ‘बू याव’ म्हणजे ‘नको’ एवढेच म्हणाले. मी ते चित्र त्यांच्यासमोर पुसून टाकले, दोन टिकिया घेतल्या आणि तिथेच उभी राहून खाल्ल्या. दुसऱ्या टिकियेच्या वेळी त्यांनीच मोबाइलकडे बोट करून मान हलवली. ते चित्र माझ्याकडे आहे, पण त्याच्यामागे ‘टिकिया तळणारे आजोबा’ एवढेच लिहिलेले आहे, कारण नाव विचारायचे सुचले नाही. तेव्हा मी कोणाला धडा देण्याच्या जागी नाही, हे मान्य करूनच पुढचे लिहिते.

पानावरचे सर्वांत मोठे छायाचित्र चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांचे आहे. मार्च १९७४ मध्ये शिआनजवळच्या लिंतुंग भागात विहीर खणताना शेतकऱ्यांना त्यांचे तुकडे सापडले. सैनिकांची संख्या सुमारे आठ हजार असावी, असा अंदाज आहे. पर्यटक त्यांचे वेगवेगळे चेहरे टिपतात. परंतु त्यांतल्या कित्येक आकृत्यांवर, सहसा नजर जात नाही अशा जागी, घडवणाऱ्या कारागिराचे किंवा त्याच्या मुकादमाचे नाव मातीत उमटवलेले आहे. कामात खोट निघाली तर कोणाला धरायचे हे कळावे, एवढाच त्यामागचा दरबारी हिशेब होता. तरी त्या हिशेबापायी का होईना, बावीसशे वर्षांपूर्वीच्या काही कुंभारांची नावे टिकली, आणि परवाच्या पानावरच्या जिवंत माणसाचे नाव मात्र कोठेच नाही.

आता थोडे आपल्याकडचे. ज्या मोठ्या हंस-पॅगोड्यापुढे ती युवती उभी आहे, तो चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग याने भारतातून नेलेले ग्रंथ जतन करण्यासाठी ६५२ साली बांधला गेला. याच प्रवाशाने महाराष्ट्रातल्या लोकांविषयी लिहून ठेवले आहे की ते साधे, प्रामाणिक आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. हे वर्णन आपण पाठ्यपुस्तकांत कौतुकाने छापत आलो. त्यातही नाव आहे ते पुलकेशी राजाचेच, सामान्य माणसाचे नाही. पण निदान त्याने माणसांचा स्वभाव पाहिला आणि तो टिपून ठेवला.

आपणास दोन विनंत्या आहेत. वाचकांकडून प्रवासाची छायाचित्रे मागवताना वास्तूच्या माहितीबरोबरच व्यक्तीला विचारले होते का, ती काय करत होती आणि तिची हरकत नसल्यास तिचे नाव, एवढे लिहून मागवावे. आणि मशिदीच्या मनोऱ्याखालची ओळ येत्या रविवारी, शक्य असल्यास त्याच छायाचित्रासह, दुरुस्त करून छापावी.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा