आप्पांची नजर

अमळनेर

प्रिय सुन्या,

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे दुखतात तेवढंच. लिहितोय ते आप्पांबद्दल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'वय झालं' म्हणून मोकळे होतील.

परवा जळगावला डॉक्टरांनी आप्पांसमोर दोन्ही हात पसरून एकेक बोट वर धरलं. जे बोट हलेल तिकडे बघा म्हणाले. आप्पांनी अचूक बघितलं. मग म्हणाले, आता उलट, जे हलणार नाही त्याच्याकडे बघा. सुन्या, डोळे आधी हलत्या बोटाकडेच जायचे! लगेच परत फिरायचे, पण जायचे. आपले आप्पा रे! बोरी नदीकाठी 'नजर डावीकडे, पाय उजवीकडे' म्हणून आपल्याकडून कबड्डीची चढाई घोटून घेणारे. (चोपड्याची शेवटची चढाई त्यांनी मला दिली म्हणून तू पार घरी येईपर्यंत बोलला नव्हतास. तुलाच द्यायला हवी होती असं मी आजही म्हणणार नाही.)

मी रात्रभर याच्यावर वाचत बसलो. ही उलट बघायची चाचणी हॅलेट नावाच्या संशोधकाने 1978 साली मांडली. काही हललं की तिकडे बघणं आपोआप होतं, साधारण 200 मिलिसेकंदांत डोळा उडी मारतो. उलट बघायचं तर आधी ती उडी दाबायची आणि मग नवी ठरवायची, म्हणून धडधाकट माणसालाही जास्त वेळ लागतो. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून भाग आहे. डोळ्यांना उडी मारायला लावणाऱ्या केंद्रावर तो सतत ब्रेक दाबून ठेवतो आणि हवं तेव्हाच सोडतो. आप्पांच्या या पार्किन्सनच्या आजारात डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं, आणि नेमकं तिथलंच गणित बिघडतं.

शेवटी डॉक्टरांनी दोन्ही मिसळलं, कधी 'तिकडे', कधी 'उलट'. तेव्हा साधं 'तिकडे'सुद्धा अडखळायला लागलं. उलट बघून झाल्यावर लगेच सरळ बघायचं तर आधीचा नियम थोडा वेळ चिकटून राहतो, असं सगळ्यांचंच होतं म्हणे. आप्पांचं जास्त झालं.

पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. दर वेळी डोळा चुकीकडे गेला की आप्पा स्वतःच म्हणायचे, "चुकनं रे भो." डॉक्टरांनी सांगायच्या आधी! म्हणजे नियम त्यांच्या डोक्यात पक्का आहे. समजतंय सगळं, फक्त ब्रेक वेळेवर लागत नाही. आणि घरात दादा काय करतो? जेवताना टीव्हीवर काही चमकलं आणि आप्पांची नजर तिकडे गेली, की ताट सरकवून म्हणतो, "तुमचं लक्षच नसतं." काल शेवभाजी तशीच टाकून आप्पा उठले. मला दादाशी भांडायचं नाही. माझं तो ऐकतही नाही, लहान ना मी. तुझं ऐकतो.

तुझ्या बाळाचं नाव ठेवलं का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? नाशिकला झाली तर बरंच, कळव.

दादाला रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा तो दुकानात एकटा असतो. मी लिहिलंय हे सांगू नकोस. बोटांची गोष्ट मात्र सगळी सांग, आप्पा स्वतःहून चूक पकडतात तीसुद्धा.

तुझा,
बाळू