ओंकार, मुक्काम कोटेशनमध्ये लिही

नाशिक
मंगळवार, पहाटे

चि. ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास. त्याबद्दल काही म्हणत नाही. चाळीसगावच्या दोन्ही लग्नांचं शूटिंग उरकून तू शुक्रवारी येशील. तोवर फोनवर बोलायला गेले तर भलतंच तोंडातून जाईल, म्हणून लिहून नितीनच्या हाती देते आहे. तो उद्या दुपारच्या एसटीने निघतोय. गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. फक्त कामाचं लिहिते.

धुळ्याच्या लग्नाची मेमरी कार्डं काल रात्री कॉम्प्युटरवर उतरवून झाली. तिसऱ्या कॅमेऱ्याची शेवटची क्लिप ११ मिनिटांची आहे, रात्री १.४७ ला सुरू झालेली. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. चित्रात आधी लॉनचं गवत, मग डिकीचा पत्रा, मग काळोख. आवाज मात्र स्वच्छ आलाय. तेवढ्या वेळात तू ९ जांभया दिल्यास. नितीन म्हणाला, "दादा, मी घेऊ का गाडी?" तू म्हणालास, "तू झोप." तिथून घर दीडशेच्या वर किलोमीटर. बंपरचं मी विचारणार नाही.

आता कामाचं.

अंतरपाटाचा शॉट फार सुरेख आला आहे. गुरुजींना आधी गाठून मंगलाष्टकं किती होणार, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, हार कोणाच्या हातात असणार हे तू विचारलंस, म्हणूनच नेमक्या कोपऱ्यात उभा होतास. शेवटच्या 'सावधान'नंतर जे काही होतं ते दोन-तीन सेकंदांत. अंतरपाट जातो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि अर्धा मांडव मोबाइल उंचावून मध्ये येतो. अशा वेळी फोकस ऑटोवर सोडला तर कॅमेरा अक्षतांच्या मागे धावतो, कारण लेन्ससमोरून जाणारा दाणाच त्याला टिपायची वस्तू वाटतो. तू फोकस आधीच बांधून ठेवलास, अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, लहान करून ५.६ वर नेलंस, म्हणून मुलगी जराशी पुढे झुकली तरी चेहरा सुटला नाही. तिच्या डाव्या पापणीवर तांदळाचा एक दाणा अडकलाय, तोसुद्धा दिसतो. बाबांनी तीनदा मागे घ्यायला लावलं आणि विचारलं, "उभा कुठे होता हा?" त्यांच्या तोंडून एवढं आलं.

पण दुसऱ्या कॅमेऱ्याला सगळ्या स्टेजभर पट्टे आले आहेत. नितीनने शटर सेकंदाच्या १/६० वर ठेवलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६० ला तो मिळत नाही आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकत राहतात. मिक्सिंगमध्ये, म्हणजे एडिटिंगमध्ये, ते पुरते निघत नाहीत. नितीनला रागावू नकोस, कॅमेऱ्याच्या पाठीला कागद चिकटव: २५ फ्रेम, १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम, १/१००. एलईडी वॉलचा हिशोब मात्र वेगळा. ती आपल्याच वेगाने चालते, तिथे शटर जरा जरा सरकवून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघूनच ठरवावं लागतं.

आवाज. हे मी दोन वर्षं सांगते आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या खाचेत लावायची नाही. मिक्सरमधून येतो तो सिग्नल व्होल्टाच्या घरातला, माइकची खाच बनवलेली मिलिव्होल्टासाठी. मंगलाष्टकांचा आवाज पुन्हा फाटला आहे, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. ती वायर रेकॉर्डरला दे, तो लाइन-इनवर ठेव, सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नकोस, आणि गुरुजींच्या उपरण्याला आपला एक छोटा माइक वेगळा लाव. गर्दीत शेकडो मोबाइल असतात, वायरलेसची २.४ गिगाहर्ट्झची वाट तुंबते आणि आवाज तुटतो. म्हणून छोटा माइक स्वतःवरच रेकॉर्ड करणारा असावा. कॅमेऱ्याचा आवाज वाईट असला तरी चालू ठेवायचा, मला जुळवायला तोच लागतो. तासाभराच्या क्लिपमध्ये रेकॉर्डर आणि कॅमेरा दोन-चार फ्रेम इकडेतिकडे होतातच, ते मी बघून घेते.

दुपारच्या उन्हात फोर-के सलग चालवलं की कॅमेरा तापून बंद पडतो, आणि पडतो तो नेमका सप्तपदीच्या वेळी. स्क्रीन कॅमेऱ्याच्या बॉडीला चिकटवून ठेवू नकोस, बाहेर उघडून धर. मेनूतलं तापमानाचं सेटिंग 'हाय'वर ठेव. फॉरेनच्या व्हिडिओत दाखवतात तसला पंखा नको, छत्री पुरते. वरातीत डीजेचे लेसर असले तर कॅमेरा त्यांच्या तोंडाकडे वळवायचाच नाही. किरण एकदा सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटते, आणि सेन्सर बदलायचा म्हणजे जवळजवळ नवी बॉडी. हळदीत लेन्स बदलू नकोस. काचेवर हळद बसली तर आधी ब्लोअर, मग कापड. कोरड्या कापडाने घासलीस तर ओरखडे पडतील.

वरात म्हटलं की आठवलं. धुळ्याची वरात सव्वा वाजता संपली, हे मी क्लिपच्या वेळेवरून सांगते. त्या दिवशी तू पहाटे पाचला हळदीच्या तयारीला उठला होतास. म्हणजे गाडीत बसलास तेव्हा २१ तास होत आले होते. २१ तास जागलेल्या माणसाचा कॅमेरासुद्धा डुलतो. रात्री बारानंतरच्या तुझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये क्षितिज डावीकडे कलत गेलंय. हात खाली येत होता आणि तुला कळत नव्हतं. कॅमेऱ्यावर न कळणारा हात स्टिअरिंगवर कसा कळेल? सुनीलकाकालाही रस्ता पाठ होता.

हे लिहायचं नव्हतं. पेनने लिहिते आहे, खोडलं तर घाण दिसेल, राहू दे. रागावू नकोस.

पैशाचं बोलू. नव्या बॉडीचं कर्ज तू या महिन्यात काढणार आहेस असं ताई म्हणाली. माझं ऐक, थांब. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात एकही तिथी नाही. पुढे आषाढी एकादशीपर्यंत जेमतेम महिनाभर मिळेल, मग चातुर्मास. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि तो जुलै २०२८ पर्यंत चालणार. सिंहस्थात कार्य नको म्हणणारी घरं आपल्या गोदाकाठी अजून आहेत. पंचांगवाले त्यातूनही मुहूर्त काढून देतात, म्हणून धंदा बंद पडेल असं नाही, पण दाट तिथी किती लागतील ते आज कोणी सांगू शकत नाही. आणि हप्ता अधिकातही येतो. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दहा वर्षं राहते. आधी लेन्स आणि रेकॉर्डर घे. मोठ्या तिथीला बॉडी भाड्याने आण आणि ते भाडं पार्टीच्या कोटेशनमध्ये धर.

कोटेशन. धुळ्याचं काम तू ८५ हजारांना घेतलंस. तुझा कागद टेबलावरच राहिला होता, मी वाचला. दोन कॅमेरामन, ड्रोनवाला, लाइट, लेन्सचं भाडं, डिझेल, टोल, डिस्क सगळं नीट मांडलंयस. मिक्सिंगच्या पुढे शून्य. ओंकार, तीन कॅमेरे सहा तास म्हणजे १८ तासांचं फुटेज, नुसतं एकदा बघायलाच १८ तास जातात. घरचं माणूस करतं म्हणून फुकट धरू नकोस. उद्या मला जमेनासं झालं की बाहेर द्यावं लागेल, आणि तेव्हा पार्टी म्हणेल, मागच्या वेळी तर एवढ्यातच केलं होतं.

आणि त्या कागदावर ड्रायव्हर नाही. मुक्काम नाही. ड्रायव्हरचे दोन दिवसांचे तीन हजार आणि खोलीचे अडीच हजार धरले तरी ८५ चे साडेनव्वद होतात. ८५ देणारा माणूस साडेपाच हजारांसाठी ऑर्डर मोडत नाही, आणि जो मोडतो तो शेवटचा हप्ताही बुडवतो. कोटेशनमध्ये सरळ लिही: कव्हरेज रात्री १२ पर्यंत, पुढे तासाला अमुक. नाशिकपासून ६० किलोमीटरच्या पलीकडचं काम असेल तर सगळ्या टीमची झोपायची सोय पार्टीकडे. दुरुस्त्या दोनदाच. अर्धे पैसे तारीख धरताना, उरलेले बरेचसे हळदीच्या सकाळी, थोडे डिस्क देताना. पाठवणी झाल्यावर मुलीच्या वडिलांसमोर हात पसरायची वेळ स्वतःवर आणू नकोस, त्या वेळी त्यांनाही काही सुचत नसतं. इन्स्टाग्रामवर रील टाकायची असेल तर त्या परवानगीची ओळही तिथेच घाल. पैसे देऊन करवून घेतलेली फिल्म, वेगळं ठरलं नसेल तर, कायद्याने पार्टीची असते. ड्रोनवाल्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे का ते बघ. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ते लागतंच. ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना, नाशिकरोडची नोटप्रेस यांच्या आसपासचं लॉन असेल तर सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय पार्टीला ड्रोनचा शब्द देऊ नकोस.

फार झालं. तुला यातलं अर्धं माहीत आहे आणि उरलेलं तू माझ्यापेक्षा चांगलं करतोस, हे त्या अंतरपाटात दिसलं. बाबांनी तुझ्या वयात एकट्याने परजिल्ह्यातली कामं घेतली नव्हती. मलाच भीती वाटते, आणि ती उपदेश होऊन बाहेर येते.

त्या क्लिपमधलं एक वाक्य मी वर लिहिलं नाही. नितीनला "तू झोप" म्हटल्यावर तू पुढे म्हणालास, "कार्डं रात्रीच उतरली पाहिजेत, आईचा नियम आहे." हे ऐकल्यावर मला पुढे काम करवेना. नियम माझाच. टेप जाऊन कार्डं आली तेव्हा मी केला, कारण न उतरवलेलं कार्ड दुसऱ्या दिवशीच्या गडबडीत कोणीतरी फॉरमॅट मारतंच. नियम चुकीचा नाही. पण 'घरी आणून' हे त्यात कधी शिरलं ते मी रात्रभर आठवते आहे.

म्हणून नितीनबरोबर बाबांचा जुना लॅपटॉप, दोन कार्ड रीडर आणि २ टीबीच्या दोन एसएसडी डिस्क देते आहे. एकावर निळी चिकटपट्टी, दुसऱ्यावर लाल. तुमच्या सेटिंगला तासाला ४५ जीबी होतात, तीन कॅमेऱ्यांचे सहा तास म्हणजे ८१० जीबी. कार्ड सेकंदाला ९० एमबीने वाचलं तरी अडीच तास लागतात, पडताळणीसकट चार धर. दोन्ही डिस्कवर एकदमच कॉपी लाव, कॉपीच्या सॉफ्टवेअरमधली पडताळणीची टिक पुसू नकोस. कार्ड बदलायला आळीपाळीने उठा, मोबाइलला गजर लावा. झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळव, प्रत्येक कार्डाची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून बघ. एखादी क्लिप बॅटरी काढल्यामुळे अर्धवट राहिली असेल आणि कॅमेरा डेटाबेस दुरुस्त करू का विचारत असेल तर हो म्हण, फॉरमॅट म्हणू नकोस. निळी तुझ्या बॅगेत, लाल नितीनच्या. दुसऱ्या स्लॉटमधली कार्डं डबीत उलटी घाल आणि मी सांगेपर्यंत पुसू नकोस. तीच तिसरी प्रत.

हे सगळं लग्नघराच्या खोलीत होतं. त्यासाठी नाशिकला यायला लागत नाही.

शुक्रवारी दुपारी निघ, उजेडात. चांदवडला चहाला थांबलास की नुसता एक मेसेज टाक, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पोळ्या तू आल्यावर लाटीन.

तुझी,
आई

ता. क. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी आहे. डबा घट्ट आहे, तरी रीडरपासून लांब ठेव.