64 नंबरची डाय

मुलुंड, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पुढच्या मंगळवारी बाबांच्या डोक्याच्या एमआरआयसाठी साडेनऊची वेळ मिळाली आहे. बाबा, या वेळी 'शिरेतून डाय देणार' म्हणताच उठून चपला शोधायच्या नाहीत. (मागचे पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगितलं नव्हतं.)

शेजारच्या काकांना पुरळ आलं ती सीटी स्कॅनची डाय, आयोडीनवाली. ही गॅडोलिनियमची. आवर्त सारणीतला 64 नंबर. लँथॅनाइडची ती खालची ओळ 'परीक्षेला येत नाही' म्हणून तुम्हीच वर्गात सोडून द्यायचात! त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यांच्यामुळे जवळच्या पाण्यातले, स्कॅनमध्ये विचलित झालेले प्रोटॉन चटकन मूळ स्थितीत येतात आणि डाय जिथे साचते तो भाग उजळ दिसतो. डोक्यातला तो ठिपका नेमका कसला, हे साध्या स्कॅनवरून डॉक्टरांना सांगता येईना, म्हणून हा खटाटोप.

नुसतं गॅडोलिनियम विषारीच, तुमची भीती उगाच नाही. म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत देतात. त्याला कीलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय, तर खेकड्याची नांगी! आई, कुर्ल्या साफ करताना तुझं बोट धरलं होतं ना, तशी. गोल पिंजऱ्यासारखी, मॅक्रोसायक्लिक रचना सगळ्यात घट्ट. तीच देणार का, हे मी फोन करून विचारलं. हो म्हणाले.

किडनी ठीक असेल तर बहुतेक डाय दिवसभरात लघवीवाटे जाते. किडनी अगदी कमजोर असेल तर ती रेंगाळते, पकड सुटू शकते. कातडी दगडासारखी कडक होण्याच्या एका आजाराशी या डायचा संबंध 2006 मध्ये लक्षात आला, तो अशाच पेशंटांमध्ये आणि मुख्यतः सैल पकडीच्या जुन्या डायमुळे. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. तुमचा रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा आहे, तो चालणार नाही. या आठवड्यात चिपळूणलाच रक्त द्या.

किंचित अंश शरीरात, मेंदूतही उरतो. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण आधीच सांगते, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून मलाच ओरडाल.

आई, आत जाताना बाबांची अंगठी, कवळी आणि कानाचं मशीन तुझ्या पर्समध्ये ठेव. मशीन काढल्यावर त्यांना सूचना ऐकू येणार नाहीत, ते मी तिथल्या माणसाला सांगेन.

सोमवारी ठाण्यालाच उतरा, दादरपर्यंत जाऊ नका. मी प्लॅटफॉर्मवर असेन.

तुमची,
ताई